कर्करोगाचा दुसरा हिशेब

कोणत्याही दीर्घ आजाराचे दोन हिशेब असतात. एक रुग्णालयाच्या केसपेपरवर लिहिला जातो. गाठ केव्हा आढळली, शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी झाली, किरणोपचाराच्या किती खेपा झाल्या, औषधाची मात्रा किती दिली, याची त्यात तारीखवार नोंद असते. दुसरा हिशेब रुग्णाच्या घरी मांडला जातो, आणि तो बहुधा कागदावर उतरतच नाही. पोस्टातील शिल्लक केव्हा संपली, पाटल्या कोणत्या पेढीवर मोडल्या, बैलजोडी कोणाला विकली, धाकट्या मुलीची शाळा कितव्या इयत्तेत सुटली, ही त्यातील कलमे होत. कर्करोगाचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो तो बहुतांशी पहिल्या हिशेबाचा असतो. क्ष-किरण, रेडियम, शस्त्रक्रिया आणि नवी औषधे यांची ती विजययात्रा आहे आणि ती खोटी नाही. पण दुसऱ्या हिशेबालाही इतिहास आहे. हा भार पूर्वी कोणी उचलला, कसा उचलला, आणि कोणते कलम अजून घरच्याच माथी आहे, हे पाहिल्यावाचून पहिल्या हिशेबातील यशापयशाचा उलगडा होत नाही. कारण पैशावाचून अर्ध्यात सुटलेला उपचार केसपेपरवर केवळ ‘रुग्ण पुन्हा आला नाही’ एवढ्याच शब्दांत दिसतो.

क्षयाला जुन्या पिढीतील माणसे राजरोग म्हणत. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हे नाव कर्करोगाला अधिक शोभले असते. या रोगावरील आधुनिक उपचाराचा जन्मच मुळी महागाईत झाला. क्यूरी दांपत्याने १८९८ साली रेडियमचा शोध लावला आणि थोड्याच वर्षांत त्याचा उपयोग गाठी जाळण्यासाठी होऊ लागला. परंतु हे द्रव्य इतके दुर्मिळ होते की १९२१ साली एका ग्रॅमची किंमत एक लक्ष डॉलर पडत असे. ज्या मारी क्यूरीबाईंनी ते शोधून काढले त्यांनाही ते विकत घेणे शक्य नव्हते. अखेर अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी गोळा केली, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते एक ग्रॅम रेडियम क्यूरीबाईंना भेट देण्यात आले. त्या समारंभासाठी त्यांच्यासोबत त्यांच्या दोन्ही कन्या अमेरिकेस गेल्या होत्या. त्यांतील थोरली, इरेन जोलिओ-क्यूरी, हिने पुढे २ जानेवारी १९५० रोजी कलकत्त्यास चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्‌घाटन केले. देशबंधू चित्तरंजन दास यांनी आपले राहते घर लोकांना दिले होते. त्या वास्तूत १९२६ साली सेवासदन निघाले आणि त्याच आवारात हे रुग्णालय उभे राहिले. वर्गणीतून मिळालेले रेडियम आणि दानात मिळालेले घर, या दोन गोष्टींत या इतिहासाचे पहिले पर्व सामावले आहे. एका माणसाला न पेलणारा खर्च अनेकांनी मिळून उचलावा, हा विचार या रोगाच्या उपचारात अगदी आरंभापासून आहे.

मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालयाची कथाही अशीच आहे, पण तिला एक वेगळे वळण आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. धनाची वाण नव्हती, परदेशातील उत्तमातील उत्तम वैद्य उपलब्ध होते, तरी गुण आला नाही. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली सारी संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. मेहेरबाईंच्या संग्रहात ‘जुबिली’ नावाचा एक प्रसिद्ध हिरा होता. कोहिनूरच्या दुप्पट वजनाचा हा हिरा १९२४ साली दोराबजींनी जमशेदपूरचा पोलाद कारखाना वाचविण्यासाठी इतर मिळकतीबरोबर इंपीरियल बँकेकडे तारण ठेवला होता. कारखाना सावरला आणि हिरा सुटला. दोराबजींच्या मृत्यूनंतर तो विकला गेला आणि त्याचे पैसे निधीत जमा झाले. त्याच निधीने बांधलेल्या रुग्णालयाचे उद्‌घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते झाले. पुढील आठ दशकांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून जी कुटुंबे अंगावरचे सोने मोडून परळला आली, त्यांना ठाऊक नसेल की ज्या इमारतीत आपण शिरतो आहोत तिच्या पायातही एका स्त्रीचा दागिना आहे.

ऐंशी खाटांचे हे रुग्णालय. एवढ्या मोठ्या देशाचा भार एका निधीला किती काळ झेपणार? १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ते चालवावयास घेतले आणि १९६२ मध्ये त्याचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे गेला. किरणोत्सर्गी द्रव्यांचा वैद्यकाशी असलेला संबंध ओळखणारे डॉ. होमी भाभा त्या विभागाचे प्रमुख होते. पुढे १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र यांचे एकीकरण झाले. म्हणजे पंचवीस वर्षांच्या अवधीत खर्चाचे ओझे दात्याच्या खांद्यावरून सरकारी तिजोरीकडे सरकले. त्याबरोबर आणखी एक रीत पडली. ज्याची ऐपत आहे त्याने अधिक शुल्क द्यावे आणि ज्याची नाही त्याला नाममात्र शुल्कात किंवा विनामूल्य तोच उपचार मिळावा, अशी ती दुहेरी रचना होती. एकाच शस्त्रक्रियागृहात, त्याच शल्यविशारदाच्या हातून दोघांवर शस्त्रक्रिया होते. फरक खोलीचा असतो, हाताचा नसतो.

मद्रासला हेच काम वेगळ्या मार्गाने झाले. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण १९२३ साली कर्करोगाने गेली. पुढे मद्रासच्या विधिमंडळावर नियुक्त होऊन देशातील पहिल्या स्त्री-आमदार ठरलेल्या या बाईंनी तो घाव तीस वर्षे मनात जपला. अड्यार येथील कर्करोग संस्थेची कोनशिला १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी बसविली आणि १९५४ मध्ये अवघ्या बारा खाटांनिशी ती सुरू झाली. बाईंचे पुत्र डॉ. कृष्णमूर्ती आणि १९५५ मध्ये येऊन दाखल झालेल्या डॉ. व्ही. शांता यांनी तिला नावारूपास आणले. डॉ. शांता यांनी आपले सारे आयुष्य त्याच आवारात काढले आणि २०२१ साली त्यांचे निधन झाले. पैसे नाहीत म्हणून कोणी परत जाऊ नये, हा या संस्थेचा दंडक होता. त्यासाठी डॉक्टरांनाच दारोदार देणग्या मागत फिरावे लागे.

येथवर जे सांगितले तो रुग्णालयाच्या भिंतीच्या आतला खर्च झाला. खाट, शस्त्रक्रिया, किरण. परंतु भिंतीच्या बाहेर दुसराच खर्च उभा असतो, आणि तो पुष्कळदा आतल्या खर्चावर मात करतो. किरणोपचार रोज घ्यावा लागतो, पाच-सहा आठवडे. रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडलेल्या मुलाचा औषधोपचार दोन वर्षांहून अधिक चालतो. रुग्णाला रुग्णालयात झोपवून ठेवण्याची गरज नसते, पण त्याला रुग्णालयापासून दूरही जाता येत नाही. बिहारमधून, बंगालमधून, विदर्भातून आलेले कुटुंब मग मुंबईसारख्या शहरात राहणार कोठे? परळच्या पदपथांवर ताडपत्रीखाली चूल मांडलेली, नाकात नळी असलेल्या माणसाला भाताची पेज भरविणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रश्नाचे उत्तर सांगावयास नको. उपचार फुकट असूनही माणूस परत जातो तो येथून.

या ठिकाणी महाराष्ट्राच्या एका जुन्या पुण्याईचा उपयोग झाला. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाशी येणाऱ्या रुग्णांच्या आप्तांसाठीही त्यांनी धर्मशाळा उभारली. देवाच्या दारी आलेला आणि दवाखान्याच्या दारी आलेला, दोघेही परगावचे आणि दोघेही निराधार, ही जाण त्यामागे होती. बाबा १९५६ साली गेले. त्यांच्या नावाने दादरला चाललेली धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना अल्प दरात आसरा देत आली आहे. मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे टाटा रुग्णालयातील नामांकित शल्यविशारद. गरीब रुग्णांविषयीच्या त्यांच्या कळकळीमुळे १९६९ साली ते वारले तेव्हा सारी मुंबई हळहळली. रुग्णालयासमोरील रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि वांद्रे येथे परगावच्या रुग्णांसाठी असलेली निवासाची वास्तूही त्यांच्याच नावाची आहे. लहान मुलांसाठी २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड या संस्थेने पहिले केंद्र काढले. तेथे आजारी मूल आणि त्याचे आईबाप यांना उपचार संपेपर्यंत खोली, शिधा आणि रुग्णालयात जाण्या-येण्याची सोय मोफत मिळते. या संस्थेने औषध दिले नाही. स्वयंपाकाचा ओटा आणि कुलूप लागणारी पेटी दिली. मुलाचा उपचार मध्येच तुटू नये यासाठी औषधाइतकीच त्यांची गरज असते.

राहण्याच्या आधी येतो तो प्रवास. रेल्वेने कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत फार पूर्वीपासून दिली होती. २०१० च्या रेल्वे अर्थसंकल्पात ममता बॅनर्जी यांनी शयनयान आणि तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाचे भाडे पूर्णपणे माफ केले. या सवलतीचे मोल कळावयास पंजाबकडे पाहावे. भटिंड्याहून राजस्थानातील बिकानेरकडे रात्री जाणाऱ्या एका साध्या पॅसेंजर गाडीला लोक ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणू लागले. माळव्याच्या कापूसपट्ट्यातील रुग्ण बिकानेरच्या सरकारी केंद्रात स्वस्त उपचार मिळतो म्हणून तिने जात. आपल्या राज्यातील महाग उपचारापेक्षा परराज्यातील स्वस्त उपचार बरा, हा हिशेब शेतकऱ्याने स्वतःच मांडला होता. सरकारी नियोजनात तो मागाहून आला. संगरूर येथे आणि पुढे २०२२ साली चंडीगडजवळ मुल्लनपूर येथे टाटा केंद्राची रुग्णालये निघाली. वाराणसी आणि आसामातही असेच झाले. रुग्णाला रुग्णालयाकडे नेण्याऐवजी रुग्णालय रुग्णाजवळ नेणे हीसुद्धा खर्च कमी करण्याचीच एक रीत आहे.

प्रवास झाला, निवारा मिळाला, तरी एक कलम उरतेच आणि ते सर्वांत मोठे असते. ते म्हणजे बुडालेली मजुरी. रुग्ण काम करू शकत नाही हे तर उघडच आहे. पण त्याच्याबरोबर आलेला भाऊ, मुलगा किंवा बायको हीसुद्धा कामावर जाऊ शकत नाही. एका आजाराने दोन मिळवते हात थांबतात. स्वतंत्र भारताने हे तत्त्व लवकर ओळखले होते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखालील योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. तिच्यात दीर्घ आजारासाठी वाढीव भत्त्याची तरतूद असून कर्करोगाचा त्यात समावेश आहे. अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत भत्ता, एकूण दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. आजारी माणसाला औषधाबरोबर पगारही हवा, असे सांगणारा हा कायदा. परंतु त्याचा लाभ कारखान्यातील आणि नोंदलेल्या आस्थापनांतील कामगारांपुरताच. शेतमजूर, हातगाडीवाला, घरकाम करणारी बाई, चहाच्या मळ्याबाहेरचा रोजंदार हे सारे त्या छत्राच्या बाहेर राहिले, आणि देशातील बहुसंख्य मिळवते हात यांचेच आहेत.

या उणिवेला एक उत्तर आसामातील सिलचर येथे सापडले. बराक खोऱ्यातील लोकांनी वर्गणी करून तेथे कछार कर्करोग रुग्णालय काढले होते. अड्यारच्या संस्थेत काम केलेले डॉ. रवी कण्णन २००७ साली तेथे गेले. त्यांना आढळले की रुग्ण येतात, निदान होते, उपचार सुरू होतो आणि मग ते येत नाहीसे होतात. उपचार पुरा करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २८ च्या घरात होते. कण्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारणे विचारली. ती वैद्यकीय नव्हतीच. दूरचा प्रवास, जेवणाचा खर्च, राहण्याची पंचाईत आणि बुडणारा रोज, एवढीच ती होती. मग रुग्णालयाने उपचार मोफत किंवा अल्प दरात दिला, जेवण आणि निवारा दिला, घरी जाऊन शुश्रूषा करणारी पथके काढली, आणि त्याखेरीज एक अपूर्व गोष्ट केली. रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकाला रुग्णालयातच तात्पुरते काम आणि त्याची मजुरी दिली. उपचार पुरा करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७० वर गेले. डॉ. कण्णन यांना २०२३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा या गोष्टीचा गौरवाने उल्लेख झाला. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. सोबत आलेल्या माणसाचा रोज बुडू दिला नाही, म्हणून रुग्ण टिकला.

औषधांच्या किमतीचा इतिहास मात्र रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, संसदेत आणि न्यायालयांत घडला. स्वातंत्र्यानंतरही देशात १९११ चा ब्रिटिश काळातील पेटंट कायदा चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारावर १९७० चा कायदा झाला. औषध या वस्तूवर मक्तेदारी देण्याचे त्याने नाकारले. ती फक्त बनविण्याच्या पद्धतीवर मिळू लागली. त्यामुळे देशी कारखान्यांनी निराळ्या पद्धतीने तीच औषधे बनविली आणि किमती खाली आल्या. जागतिक व्यापार करारामुळे २००५ साली वस्तूवरील पेटंट पुन्हा आले, पण कायद्यात ३(ड) हे कलम घालण्यात आले. जुन्याच द्रव्याचे रूप थोडे बदलले, पण गुणकारीपणा वाढला नाही, तर नवा मक्ता मिळणार नाही, असा त्याचा आशय.

त्याची परीक्षा इमॅटिनिब या औषधावर झाली. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात हे औषध रोज, वर्षानुवर्षे घेतल्यास माणूस कामधंदा करीत जगू शकतो. नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. देशी कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. पेटंटच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईत १९६९ साली स्थापन झालेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णसाहाय्य संस्था होती. कंपनीचे म्हणणे असे होते की, बहुसंख्य भारतीय रुग्णांना ती औषध विनामूल्य देतेच. त्यात तथ्य होते. तरीही प्रश्न उरत होता. कोणाच्या तरी मर्जीने मिळणारे दान आणि बाजारात परवडणाऱ्या दराने मिळणारी वस्तू, यांत रुग्णाच्या दृष्टीने फार अंतर आहे. दान थांबू शकते, त्याच्या अटी बदलू शकतात. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या पीठाने सर्वोच्च न्यायालयात कंपनीचे अपील फेटाळले. त्याच्या आदल्या वर्षी, ९ मार्च २०१२ रोजी, पेटंट महानियंत्रकांनी सोराफेनिब या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधाचा सक्तीचा परवाना एका देशी कंपनीला दिला होता. महिन्याला सुमारे दोन लाख ऐंशी हजार रुपयांना पडणारे औषध ८,८८० रुपयांहून अधिक दराने विकू नये, अशी त्यात अट होती. मूळ कंपनीला स्वामित्वशुल्क मिळाले, पण मक्ता राहिला नाही.

कायद्याने दार उघडले तरी किंमत आपोआप उतरत नाही, हेही अनुभवास आले. कारखान्यातून अल्प दरात निघालेल्या औषधावर छापील किंमत कित्येक पट असे, आणि मधला नफा व्यापाराच्या साखळीत जिरे. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारने कर्करोगावरील ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी पुढे चाळीस औषधांची एकत्र खरेदी करून पाहिली, तेव्हा दर मोठ्या प्रमाणात उतरले. दहा घरांनी मिळून धान्य भरले तर ते स्वस्त पडते, हे व्यवहारज्ञान येथे राष्ट्रीय पातळीवर वापरले गेले, एवढेच.

राज्य सरकारांचे आणि केंद्राचे साहाय्यही या काळात वाढत गेले. महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी योजना निघाली. २०१२ मध्ये तिने राजीव गांधींच्या नावाने विम्याचे रूप घेतले आणि २०१७ मध्ये ती महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली. केंद्राची आयुष्मान योजना २०१८ च्या सप्टेंबरात आली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराची हमी तिने दिली. या योजनांमुळे लक्षावधी घरांवरील शस्त्रक्रियेचे आणि किरणोपचाराचे ओझे हलके झाले, यात शंका नाही. पण त्यांचा रोख रुग्णालयात दाखल झालेल्या माणसावर आहे. निदान होण्यापूर्वीच्या तपासण्या, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात मारलेले हेलपाटे, गाडीभाडे, सोबत्याचे जेवण आणि बुडालेली मजुरी ही कलमे बहुतांशी त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. कागदपत्रांची पूर्तता होईपर्यंत सावकाराचे दार जवळचे वाटते, हाही अनुभव आहे.

घरच्या हिशेबात सर्वांत महाग कलम कोणते असेल, तर ते उशीर. पहिल्या अवस्थेतील गाठ एका शस्त्रक्रियेने जाते. तीच सहा महिने दुर्लक्षिली तर शस्त्रक्रिया, किरण आणि औषध या तिन्हींचा खर्च येतो आणि गुण येण्याची आशा मात्र कमी होते. हा उशीर स्त्रियांच्या बाबतीत विशेष होतो. घरात पैसा थोडा असला की आधी कर्त्या पुरुषाचा इलाज, मग मुलाचा, आणि बाईचे दुखणे अंगावर काढण्याचे, ही आपल्या संसाराची जुनी वहिवाट आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि खेड्यातील बाया कोणत्या अवस्थेत दवाखान्यात येतात याचे चित्र प्रथमच कागदावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा टाटा रुग्णालयाने दीर्घकाळ अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखा साधा द्रव वापरून गर्भाशयमुखाची तपासणी केली. त्यामुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ ने घटले, असे २०१३ साली जाहीर झाले. लाखो रुपयांचा उपचार टाळणारी ही तपासणी काही रुपयांत होते.

आणि जेथे उपचार थकले, तेथेही खर्च थांबत नाही. काहीतरी केल्याचे समाधान मिळावे म्हणून शेवटच्या महिन्यांत कुटुंब उरलेसुरले शेतही विकते. या वेळी खरे सांगणारा आणि वेदना शमविणारा कोणी भेटला तर रुग्ण सुखाने जातो आणि मागे राहिलेली माणसे कर्जातून वाचतात. १९८६ साली वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती अवेदना आश्रम काढला. अशा रुग्णांसाठी विनामूल्य चालणारे देशातील ते पहिले स्थान. केरळात कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी १९९३ मध्ये वेदनाशामक शुश्रूषेची संस्था स्थापिली आणि पुढे ती गावोगावच्या स्वयंसेवकांच्या हाती गेली. शेजारीपाजारी दरमहा थोडी वर्गणी देतात. परिचारिका घरी जाऊन जखम धुते, मॉर्फिनच्या गोळ्या देते. स्वयंसेवक घरात तांदूळ आहे की नाही, मुले शाळेत जातात की नाही हे पाहतो. केरळ सरकारने २००८ मध्ये हे काम आपल्या धोरणात सामावून घेतले.

हे सारे टप्पे ओळीने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ‘उपचार’ या शब्दाचा अर्थ या आठ-नऊ दशकांत हळूहळू रुंदावत गेला आहे. प्रारंभी उपचार म्हणजे रेडियम आणि सुरी. मग त्यात खाट आली, नंतर आगगाडीचे तिकीट आले, धर्मशाळेतील कोपरा आला, परवडणारी गोळी आली, सोबत्याची मजुरी आली आणि अखेर घरातील तांदूळही आला. यांपैकी कोणतेही कलम वैद्यकाने आपण होऊन यादीत घातले नाही. रुग्ण परत गेला, का गेला याची कोणीतरी चौकशी केली, आणि उत्तर मिळाले ते कलम यादीत चढले. दाता, सरकार, न्यायालय, शेजारी, प्रत्येकाने आपापल्या वेळी एकेक ओळ घरच्या वहीतून काढून सार्वजनिक वहीत लिहिली.

अजून बऱ्याच ओळी घरच्याच वहीत आहेत. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीला, सिलचरसारखे एखादे स्थळ सोडल्यास, फारसे कोठे उत्तर नाही. आईच्या शुश्रूषेसाठी घरी बसलेल्या मुलीच्या सुटलेल्या शाळेची नोंद कोणतीही योजना ठेवीत नाही. तपासणीआधी हिंडण्यात गेलेला पैसा कोणी भरून देत नाही. कर्करोगावर नवनवी औषधे निघत आहेत आणि त्यांच्या किमती पहिल्या रेडियमची आठवण करून देणाऱ्या आहेत. ती औषधे कोणापर्यंत पोहोचतील हे ठरविताना, जो रुग्ण पुन्हा आला नाही त्याच्या घरी जाऊन कारण विचारण्याची जुनी सवयच पुन्हा उपयोगी पडेल.